सूत्र, दोर आणि नाळ : समीक्षेच्या शब्दकळेचा एक विचार

१

साहित्यकृतीच्या एकात्मतेविषयी बोलायचे झाले की मराठी समीक्षेत 'सूत्र' हा शब्द येतो आणि तिच्या सच्चेपणाविषयी बोलायचे झाले की 'नाळ' हा शब्द येतो. कथासूत्र, आशयसूत्र, समान सूत्र, सूत्रबद्धता हा पहिल्या शब्दाचा परिवार; 'मातीशी नाळ जोडलेली', 'समाजाशी नाळ तुटलेली' हा दुसऱ्याचा. ग्रंथपरीक्षणे, प्रस्तावना, संमेलनातील भाषणे आणि विद्यापीठीय प्रबंध या सर्व ठिकाणी हे शब्द इतक्या सहजपणे वावरतात, की दोन्ही शब्द मुळात दोराची रूपे आहेत, याचे भानही उरत नाही. रूपक झिजले की त्याची परिभाषा होते, ही भाषेतील नित्याची प्रक्रिया आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. मराठीत दोराला वीस-पंचवीस तरी शब्द असताना समीक्षेने त्यांतून हे दोनच का उचलले आणि उचलताना त्यांचा किती अर्थ मागे राहिला?

झिजलेल्या रूपकांचा असा पाठपुरावा करणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे आहे, असा आक्षेप येथे संभवतो. तो अगदीच निराधार नाही. केवळ व्युत्पत्तीच्या बळावर समाजाचा इतिहास सिद्ध होत नाही. 'सूतोवाच' या शब्दातील 'सूत' धाग्याचा नसून पुराणे सांगणाऱ्या सूताचा आहे, एवढे एक उदाहरण सावधगिरीसाठी पुरेसे ठरावे. मात्र झिजलेले रूपक आपली अपेक्षा मागे ठेवून जाते, हेही तितकेच खरे. 'सूत्र' म्हणणारा समीक्षक कृतीत काय शोधणार आणि काय न सापडल्यामुळे नाराज होणार, हे त्या शब्दाने अगोदरच ठरवलेले असते. म्हणून शब्दाची तपासणी ही अपेक्षेची तपासणी ठरते.

२

मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. हे कोश चाळताना असे दिसते की मराठी भाषकांनी दोराला एकच नाव देऊन कधी भागवले नाही. शिवायचा तो दोरा, बांधायची ती दोरी, विहिरीवरचा तो दोर. पोत्याचे तोंड शिवण्यासाठी सुतळी. बैलाच्या नाकातली वेसण, गळ्यातले दावे, औत हाकणाऱ्याच्या हातातला कासरा. ओळीने जनावरे बांधण्याची दावण. मोटेचा जाड दोर तो नाडा आणि तिची सोंड ओढणारा बारीक दोर तो सोंदूर. लांब आणि दणकट दोर म्हणजे चऱ्हाट. कमरेचा करदोरा, पायजम्याची नाडी, अनेक दोऱ्या एकमेकींत गुंफून केलेला गोफ. जाडी, लांबी, धाग्याची जात आणि काम यांपैकी एक गोष्ट बदलली की नाव बदलते.

या नावांतून आलेले वाक्प्रचार पाहिले तर दोर हे मराठी माणसाच्या विचाराचेच एक साधन असल्याचे जाणवते. घड्याळ नसलेल्या शिवारात 'दिवस कासराभर वर आला' या शब्दांत वेळ मोजली जाते; बैलाच्या कासऱ्याची लांबी आकाशावर ठेवून सूर्याची उंची सांगणारे हे परिमाण पूर्णपणे शेतकऱ्याचे आहे. अपघातातून वाचलेल्याच्या 'आयुष्याची दोरी बळकट' असते. दोन माणसांचे 'सूत जुळते'. १६७० च्या सिंहगडाच्या लढाईशी निगडित असलेल्या कथेने 'परतीचे दोर कापणे' हा प्रयोग रूढ केला. लांबत गेलेल्या कंटाळवाण्या बोलण्याला 'चऱ्हाट' म्हणतात. 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' ही म्हण तर घराघरांत आहे.

या शब्दांची एक उतरंडही आहे. वरच्या पायरीवर संस्कृत तत्सम शब्द आहेत : सूत्र, रज्जू, यज्ञोपवीत, मंगळसूत्र. शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पाठीच्या कण्यातील दोराला 'मेरुरज्जू' म्हणावे लागते; तेथे 'दोर' चालत नाही. मधल्या पायरीवर सूत, दोरा, दोरी हे घरगुती शब्द आहेत. आणि सर्वांत खाली, गोठ्यात, मळ्यात आणि गावकुसाबाहेर, दावे, वेसण, सुंभ, चऱ्हाट हे शब्द आहेत. समीक्षेचा 'सूत्र' पहिल्या पायरीवरून आला. चऱ्हाट तिने घेतले ते केवळ नावे ठेवण्यासाठी.

ही उतरंड निसर्गसिद्ध नाही, याची साक्ष भाषाच देते. उपनयनाच्या संस्काराला मराठीत 'मुंज' म्हणतात. बटूच्या कमरेला बांधण्याची मेखला मुंज नावाच्या गवताची वळलेली असते. म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवरचा संस्कार गवताच्या दोरावरून ओळखला जातो. वेदान्तातील रज्जुसर्पाचा दृष्टान्त मराठीत आणताना ज्ञानेश्वरांनी 'दोर' हा लोकांच्या तोंडचा शब्द निःसंकोचपणे वापरला आणि त्यामुळे तत्त्वज्ञानाचे काही बिघडले नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभावांनी याहून धीट पाऊल टाकले. चक्रधरांची वचने वेचून केशोबासांनी जो ग्रंथ सिद्ध केला त्याला 'सूत्रपाठ' हे नाव मिळाले. सूत्र हा संस्कृत शास्त्रग्रंथांचा मानाचा प्रकार. तो येथे बोलीतील वचनांसाठी उपयोगात आला. पैठणपासून रिद्धपूरपर्यंतच्या मुलखात बोलल्या गेलेल्या मराठीला शास्त्राचा दर्जा देणारी ही कृती होती. उतरंड मोडण्याची परंपराही मराठीतच आहे, हे विसरून चालणार नाही.

३

उतरंडीचा सर्वांत बोलका पुरावा 'सुतार' या शब्दात सापडतो. 'सुतार' आणि 'सूत्रधार' हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत. लाकडावर सूत धरून रेघ आखणारा तो सूत्रधार. प्राकृतातून उतरत तो 'सुतार' झाला आणि गावगाड्यात बलुतेदार म्हणून बसला. तोच शब्द संस्कृत रूपात रंगभूमीवर राहिला आणि नाटकाचा नियंता ठरला. नाट्यातील सूत्रधार कळसूत्री बाहुल्यांची सूत्रे धरणाऱ्यावरून आला की मंडपाची आखणी करणाऱ्यावरून, हा अभ्यासकांमधील जुना वाद आहे. रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने १९०० मध्ये बाहुल्यांच्या बाजूने मत मांडले होते. वादाचा निर्णय काहीही लागो, एक गोष्ट स्पष्ट आहे. एकाच दोराच्या दोन टोकांपैकी एक टोक हाताने काम करणाऱ्याकडे गेले आणि दुसरे काम करवून घेणाऱ्याकडे.

हाच भेद या शब्दांच्या व्याकरणातही मुरलेला आहे. सूत्रे 'हाती घेतली जातात', सूत्रे 'हलवली जातात', कार्यक्रमाचे 'सूत्रसंचालन' होते, वृत्तपत्रांत 'विश्वसनीय सूत्रे' माहिती देतात. सूत्र ज्याच्याकडे असते तो कर्ता असतो. उलट खालच्या पायरीवरील शब्द पाहावेत. माणूस 'दावणीला बांधला जातो', त्याला 'वेसण घातली जाते', त्याच्या 'मुसक्या आवळल्या जातात'. येथे माणूस कर्म असतो आणि बहुधा जनावराच्या जागी उभा असतो. एकच वस्तू, वरून तिला धरले तर सूत्र, खालून तिच्यात अडकले तर दावे. समीक्षेने आपल्यासाठी वरचे टोक निवडले आहे. कृतीतील सूत्र शोधणारा समीक्षक नकळत ते सूत्र हाती धरणाऱ्याच्या जागी उभा राहतो. लेखक आणि वाचक त्या दोराला कोणत्या बाजूने बांधलेले आहेत, हा प्रश्न तेथून दिसत नाही.

४

हा दोर वळत कोण होते, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तोच मध्यवर्ती आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात शेतकऱ्याला दोरखंड पुरवण्याचे काम मांग (मातंग) समाजाकडे होते. अंबाडी, ताग किंवा घायपात (ज्याला मराठवाड्यात केकताड म्हणतात) कापायचे, जुड्या बांधून पाण्यात कुजत घालायचे, दुर्गंधी सोसत वाख सोडवायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग दोर वळायचा. पोळ्याच्या तोंडावर बैलांना नवे कासरे, नव्या वेसणी लागत. त्या या घरातून जात आणि बदल्यात धान्याचा वाटा येई. बैलाच्या अंगावर मिरवणारी वस्तू ज्याने केली त्याला मात्र त्या मिरवणुकीत मानाची जागा नव्हती.

या घराचे दुसरेही एक काम होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातींविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या समाजातील स्त्रिया सुईणीचे काम करत, अशी नोंद आहे. म्हणजे एकाच छपराखाली पुरुष दोर वळत होता आणि स्त्री गावातील बाळांची नाळ कापत होती. गावाची गुरे ज्याच्या दोराने बांधलेली आणि गावाची माणसे जिच्या हातून मोकळी झालेली, ते घर गावाबाहेर होते. आज 'नाळ' हा शब्द मोठ्या गांभीर्याने वापरणाऱ्या समीक्षेला ही वस्तुस्थिती ठाऊक असणे आवश्यक आहे. कारण त्या शब्दाचा अर्थ या सुईणीला नीट माहीत होता आणि समीक्षेने तो उलटा करून ठेवला आहे.

५

'मातीशी नाळ जोडलेली' या प्रयोगात नेमके काय म्हटलेले असते? नाळ मुलाला आईशी जोडते, मातीशी नव्हे. जन्मानंतर ती जोडलेली ठेवायची नसते. ती कापावी लागते, नाही तर जन्म पुराच होत नाही. 'नाळ तुटणे' हा समीक्षेत ठपका आहे. बाळंतिणीच्या खोलीत तोच श्वासाचा प्रारंभ आहे. मराठीतील जुना वाक्प्रचार वेगळा होता. एखाद्याची एखाद्या ठिकाणी 'नाळ पुरलेली' असते, असे म्हणत. कापलेली नाळ जमिनीत पुरण्याची रीत होती आणि ती जेथे पुरली तेथे माणसाचा जन्माचा हक्क मानला जाई. 'तुझी काय इथे नाळ पुरली आहे?' या प्रश्नात हाच हक्क विचारला जातो. या वाक्प्रचारात माती आहे आणि नाळही आहे. पण त्या दोहोंमध्ये सुईणीने केलेला छेद आहे. मातीशी नाते लागते ते नाळ कापल्यानंतर. समीक्षेने मधला छेद गाळला, माती आणि नाळ एकत्र चिकटवल्या आणि एक अशक्य प्रतिमा तयार केली.

ही केवळ रूपकाची चूक असती तर तिच्यावर इतके लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. तिचे परिणाम वाङ्मयीन आहेत. हे विशेषण कोणाला लावले जाते, ते पाहावे. ग्रामीण लेखकाला, दलित लेखकाला, आदिवासी लेखकाला ते आवर्जून लावले जाते. महानगरातील मध्यमवर्गीय लेखकाची नाळ कशाशी जोडलेली आहे, अशी चौकशी क्वचितच होते. म्हणजे ज्या लेखकाने गाव सोडले, शाळा गाठली, लेखणी धरली आणि आपल्या भूतकाळाकडे परक्या नजरेने पाहण्याचे कष्टाचे सामर्थ्य मिळवले, त्याचे कौतुक करताना समीक्षा त्याला परत गर्भात ढकलते. कौतुकाच्या रूपात आलेले ते दावेच आहे. पुढच्या पुस्तकात हा लेखक शहराविषयी, तत्त्वज्ञानाविषयी किंवा केवळ भाषेच्या खेळाविषयी लिहू लागला की 'नाळ तुटली' हा अभिप्राय तयार असतो.

दलित साहित्याच्या संदर्भात ही प्रतिमा अधिकच विपरीत ठरते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणाला निःसंदिग्ध नकार दिला होता. त्यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या साहित्याची मूळ प्रेरणाच छेदाची आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात जी पिढी घडली आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली याच शहरातून निघणाऱ्या 'अस्मितादर्श'ने ज्या लेखकांना व्यासपीठ दिले, त्यांनी गावाशी असलेले नाते तपासले, त्याचा हिशेब मागितला आणि अनेकदा ते तोडले. हे साहित्य मातीविषयी अधिकाराने बोलते, कारण तेथे त्याची नाळ पुरलेली आहे, जोडलेली नाही. या दोन क्रियापदांतील अंतर हे हक्क आणि बंधन यांतील अंतर आहे. २०१८ च्या 'नाळ' या मराठी चित्रपटानेही, जन्म देणारी आई एक आणि वाढवणारी दुसरी अशी मांडणी करून, या शब्दाकडे गृहीतकाऐवजी प्रश्न म्हणून पाहिले. समीक्षा मात्र अजून गृहीतकापाशीच आहे.

६

आता 'सूत्रा'कडे पुन्हा वळता येईल. मण्यांतून ओवलेल्या सूत्राची प्रतिमा गीतेच्या सातव्या अध्यायाइतकी जुनी आहे. तिची रचना अशी : धागा एक, सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आणि बहुतांशी न दिसणारा, मणी अनेक, सुटे, एकमेकांशी संबंध नसलेले. मण्यांना एकत्र आणणारे तत्त्व मण्यांच्या बाहेरचे असते. कथासूत्र शोधणारी समीक्षा प्रसंगांना मणी मानते आणि त्यांच्यामधून जाणारा एकच धागा दाखवून देते. तो सापडला नाही की कृती 'विस्कळीत' ठरते.

दोराची रचना याहून मूलतः वेगळी आहे. वाखाचा एकेक तंतू आखूड असतो. दोराच्या पूर्ण लांबीभर जाणारा असा एकही तंतू त्यात नसतो. एक तंतू संपण्याआधी दुसरा त्यात मिसळतो. तंतूंना एका दिशेने पीळ देऊन पेड करतात आणि असे दोन-तीन पेड उलट दिशेने एकमेकांवर वळतात. प्रत्येक पेड उलगडू पाहतो आणि त्याचे उलगडणेच दुसऱ्याला घट्ट करते. दोर टिकतो तो या विरोधाच्या बळावर. बाहेरून आणलेले कोणतेही तत्त्व त्याला बांधून ठेवत नाही. म्हणीतला सुंभ जळल्यावर राखेत जो उरतो तो पीळ, म्हणजे रचना. द्रव्य आणि घाट यांविषयी सौंदर्यशास्त्राने पुष्कळ चर्चा केली. या म्हणीने ती आपल्या परीने एका वाक्यात केली होती.

विट्गेनस्टाइनने १९५३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संकल्पनांची एकता समजावताना असेच म्हटले आहे, की धाग्याचे बळ सलग जाणाऱ्या एका तंतूत नसून अनेक तंतूंच्या परस्परांवर येण्यात असते. रोलां बार्थने १९७० च्या आपल्या ग्रंथात संहितेतील संकेतांच्या गुंफणीसाठी वेणीची प्रतिमा वापरली. पाश्चात्त्य समीक्षेतील 'टेक्स्ट' हा शब्दही विणण्याच्या लॅटिन धातूवरून आला आहे. मराठीचे आपले 'ग्रंथ', 'निबंध', 'प्रबंध' हे शब्द गाठ मारण्याचे आणि बांधण्याचेच आहेत. बार्थ किंवा विट्गेनस्टाइन यांच्याकडे जाण्यात गैर काही नाही. मात्र तिकडे जाताना वाटेत जो दोर वळणारा बसलेला होता, त्याच्याकडे लक्ष गेले नाही, ही उणीव नोंदवली पाहिजे. 'पेड' आणि 'पीळ' हे दोन शब्द त्याच्याकडून घेता आले असते.

या शब्दांनी काय साधते, ते दोन कृतींच्या आधारे पाहता येईल. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' हे मराठी गद्याचे आद्य लेणे. त्यात सलग कथानक नाही. लहान लहान लीळा आहेत. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासातील अनेकांकडून आठवणी गोळा केल्या आणि पुढे हस्तलिखितांच्या परंपरेत पाठभेदही पडत गेले. कोणा एकाची स्मृती अथपासून इतिपर्यंत पुरत नाही. एकाची आठवण संपते तेथे दुसऱ्याची सुरू झालेली असते, आणि क्वचित एकाच प्रसंगाविषयी दोन आठवणी उलट दिशेने ओढतात. सूत्राच्या अपेक्षेने वाचणाऱ्याला ही संकलनाची मर्यादा वाटेल. दोराची रचना लक्षात घेतली तर हेच या ग्रंथाच्या विश्वसनीयतेचे आणि बळाचे कारण ठरते. 'सूत्रपाठ' त्यानंतरचा आहे, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. आधी लीळांचा दोर वळला गेला. सूत्र त्यातून नंतर उकलून काढले गेले.

दुसरे उदाहरण दया पवार यांच्या 'बलुतं'चे (१९७८). या आत्मकथनाची मांडणी अशी की दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. माणूस एकच, नावे दोन. मुंबईचा कावाखाना आणि धामणगाव यांच्यात आठवणी मागेपुढे होतात, काळाचा क्रम मोडतो. यात एक सूत्र दाखवायचे ठरवले तर 'दलित जीवनाचे दुःख' यासारखे एखादे सर्वसाधारण विधान हाती येते आणि पुस्तक निसटते. दगडू आणि दया हे दोन पेड आहेत, असे मानून वाचले तर चित्र पालटते. एकाला सांगायचे आहे. दुसऱ्याला, सुशिक्षित झालेल्याला, त्या सांगण्याची लाजही आहे. एक गावाकडे ओढतो, दुसरा गावापासून दूर. या विरुद्ध पिळांमुळे निवेदन ताणलेले राहते. यांपैकी एक पेड काढून घेतला असता तर उरले असते ते निवेदन किंवा तक्रार. आत्मकथन उरले नसते.

'पीळ' या शब्दाची आणखी एक बाजू आहे. 'पिळणे' या धातूपासून पीळ झाला आणि त्याच धातूपासून 'पिळवणूक' झाली. मराठी समीक्षेने 'पिळवणूक' हा शब्द सामाजिक आशयाच्या चर्चेसाठी स्वीकारला आणि रचनेच्या चर्चेत 'सूत्र' ठेवले. आशय व रचना यांच्या चर्चा दोन वेगळ्या खोल्यांत चालल्या. दोर वळणाऱ्याच्या घरात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. ज्या हाताने पीळ दिला, त्याच हाताची पिळवणूक झाली. दलित साहित्याच्या समीक्षेत 'आशय प्रखर, पण घाट दुबळा' हा जो साचा दीर्घकाळ वापरला गेला, त्याच्या मुळाशी ही शब्दांची फाळणी आहे.

७

लेखकांनी मात्र खालच्या पायरीवरचे शब्द वर आणण्याचे काम केव्हाच सुरू केले होते. मांग समाजातील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. दोर वळणाऱ्या घरात लेखणी आली ती इतक्या लवकर. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये आपल्या ग्रंथाला 'शेतकऱ्याचा असूड' हे नाव दिले. असूड हाही दोराच्याच गोतातला. बैलावर चालणारी ही वस्तू फुल्यांनी शेतकऱ्याच्या हातून व्यवस्थेवर उगारली. कर्म असलेला माणूस एका शीर्षकाने कर्ता झाला. पुढे 'बलुतं', 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७) या शीर्षकांनी गावगाड्याचे आणि अवहेलनेचे शब्द वाङ्मयात प्रतिष्ठित केले. 'कोसला'ने (१९६३) आपल्याच तंतूत स्वतःला गुंडाळून घेणाऱ्या किड्याचे घर शीर्षकात आणले. लेखकांचा शब्दसंग्रह असा विस्तारत असताना समीक्षेचा शब्दसंग्रह सूत्र आणि नाळ यांच्यापुढे फारसा सरकला नाही, ही विसंगती आहे.

यात विलंब परवडणारा नाही. विहिरींवर आधी इंजिने आणि नंतर विजेचे पंप आले, तसे मोटेबरोबर नाडा आणि सोंदूर गेले. ट्रॅक्टर आला तसा कासरा कमी झाला. अंबाडी बहुतेकांना ठाऊक आहे ती भाजी म्हणून; दोर नायलॉनचा झाला. दोर वळण्याचे काम सुटले यात हळहळण्यासारखे काही नाही, कारण ते काम जातीने लादलेले होते. पण वस्तू गेल्यावर तिच्यात साठलेली समज शब्दांतच उरते आणि शब्द वापरात राहिले नाहीत तर तीही जाते.

शिवाय मराठवाड्यात दोराला गेल्या काही दशकांत एक भीषण अर्थ प्राप्त झाला आहे. नापिकी आणि कर्ज यांच्या बातम्यांत 'गळफास' हा शब्द वारंवार येतो. गोठ्यातले दावे आणि हा फास यांच्यात वस्तू म्हणून फरक नसतो. या अनुभवावर आज कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या जात आहेत. अशा कृतीसमोर उभे राहून 'लेखकाची नाळ मातीशी जोडलेली आहे' असे म्हणणे केवळ सवयीचे नाही, ते क्रूरही आहे. कारण तेथे माती हीच बांधून ठेवणारी गोष्ट झालेली असते, आणि लेखक त्या बांधलेपणाविषयीच बोलत असतो. त्याला गाठ कोठे बसली, ती कोणी मारली आणि दोराचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे, हे सांगायचे असते. सूत्र आणि नाळ या दोन शब्दांनी हे तीन प्रश्न विचारता येत नाहीत. दावे, पेड आणि पीळ या शब्दांनी ते विचारता येतात.

परिभाषा ठरावाने बदलत नाही, वापराने बदलते. 'सूत्र' हा शब्द टाकून द्यावा, असे म्हणण्याचेही कारण नाही. जेथे खरोखर एकच धागा आहे तेथे तो चालावा. समीक्षकाने एवढे केले तरी पुरे आहे, की कृती हाती घेतल्यावर ती मण्यांची माळ आहे की वळलेला दोर, हे आधी पाहावे. आणि 'नाळ' हा शब्द लिहिण्यापूर्वी 'जोडलेली' की 'पुरलेली' हे ठरवावे. गावकुसाबाहेरच्या सुईणीला हा फरक विचारावा लागत नव्हता.